वैधव्याचं कुरण

“एवढ्याशा कुरणासाठी माझी बोटं गळून पडायची. शेकोटीपाशी बसून देता आलं नसतं का?” बाबा थॉमसिनच्या कानाशी पुटपुटले, आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघाली.

पण जमीन द्यायची तर तिच्यावरच उभं राहून, मातीचं ढेकूळ हातात ठेवून द्यायची, असा रिवाज होता. सकाळी चर्चमध्ये लग्न लागलं होतं. नवरा ॲम्ब्रोज तिच्याआधी गेला, तर हे कुरण थॉमसिनला जन्मभरासाठी मिळणार होतं. दिवेलागणीला ती सासरी जाणार होती.

वकिलाच्या तोंडून वाफ निघत होती, घोड्यांच्या नाकपुड्यांतून निघत होती. नुकत्याच खणलेल्या ढेकळातूनही.

“फार गारठलीस का गं?” ॲम्ब्रोजनं मायेनं विचारलं. त्याच्या ओठांसमोरची हवा स्वच्छच राहिली.

थॉमसिननं बाबांकडे पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं होतं.

“आमचे जावई श्वाससुद्धा जपून खर्च करतात,” ते म्हणाले. वकील बोरूचं टोक न्याहाळत राहिला.

ॲम्ब्रोजनं ढेकूळ तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं हळुवार मिटली. त्याच्या हातापेक्षा माती उबदार होती.

“म्हणजे कुरणावर सूनबाईंचा हक्क,” वकिलानं खाकरत सासूबाईंना विचारलं, “चिरंजीवांच्या पश्चात, असंच लिहू ना?”

सासूबाई मुलाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान खाली घातली.

“आजपासूनच लिहा,” त्या म्हणाल्या. “तो सुगीतच गेलाय.”