गीताकाकूंची खुर्ची

श्रीरामपूरच्या वाचनालयात रविवारी दुपारी आमचं नाट्यवाचन होतं. घर सोडून गेलेल्या आईचं आणि तिच्या मुलीचं नाटक. मुलगी मी वाचणार होते. आई वाचणाऱ्या गीताकाकूंची एसटी चुकली.

"त्यांचं पण मीच वाचू का?" मी विचारलं.

"नको," वाचन बसवणारे मच्छिंद्र सर म्हणाले. "आपली रीत ठरलेली आहे. जो आला नाही त्याची खुर्ची मांडायची आणि त्याच्या वाक्याइतकं थांबायचं."

"म्हंजी आज काकू एकबी वाक्य चुकायच्या न्हाईत," आमच्यातलाच वाचणारा ओंकार हसला.

माझी लेक रेवा मांडीवर होती. दोन वर्षांची झाली होती, तरी अजून एक शब्द बोललेली नव्हती. डॉक्टर धीर धरा म्हणायचे. मी दिवसभर तिच्या ओठांकडे बघत असायचे.

आम्ही पहिल्यांदा थांबलो तेव्हा ती खुर्चीकडे वळली. पुढच्या वेळी तिने मान हलवली, कुणी काहीतरी विचारल्यासारखी. मी वाचायला लागले की मात्र माझ्या तोंडावर हात ठेवायची.

शेवटच्या प्रवेशात आईचं वाक्य होतं, 'ये बाळा, माझ्याकडे ये.' आम्ही सगळे थांबलो.

रेवा मांडीवरून उतरली. रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन तिने दोन्ही हात वर केले आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलली.

"आई."