एकी-बेकी

जादा वेळही बरोबरीत संपला आणि बाहेरच्या खोलीत एकच गलका झाला. आता पेनल्टी किक.

धाकटा भाऊ स्वयंपाकघराचं दार लावून मटार सोलत होता. त्याला कुणी बसवलं नव्हतं, तो आपण होऊन बसला होता. फुटबॉलवर पैजा लावता लावता त्यानं चालतं दुकान घालवलं होतं. तेव्हापासून घरात सामना लागला की तो आत येऊन दार लावून घेई. बायकोनं एकदाच सांगितलं होतं, पुन्हा एक पैज, कसलीही, कितीचीही, की मी मुलीला घेऊन आईकडे निघाले. ती उगाच बोलणारी बाई नव्हती.

आज मात्र अंतिम सामना होता, आणि त्यात आपला संघ. दाराला कान लावायची गरजच नव्हती. थोरला दादा खुर्चीवर चढला असावा, कारण वहिनी त्याला खाली उतरा म्हणून ओरडत होती. वरच्या मजल्यावरचे काका खास सामना बघायला आले होते आणि गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. धाकट्याची बोटं मात्र चालू होती. शेंग उचलायची, क्षणभर थांबायचं, फोडायची, दाणे वाटीत टाकायचे.

मध्यंतरात दादा-वहिनीचं नेहमीचं वाजलं होतं, तेही त्यानं इथूनच ऐकलं. वहिनी दवाखान्यात नर्स. तिचं म्हणणं, भाऊजींचं हे दुखणं आहे, मधुमेहासारखं, जन्मभर पथ्य पाळावं लागणार. दादा म्हणाला, मधुमेह काय कुणी पायानं चालत जाऊन आणतो? हा रोज आपल्या पायानं जात होता, मनात आणलं असतं तर रोज मागे वळता आलं असतं. त्यावर वहिनी म्हणाली, "मग तुमच्या सिगारेटला वळवा की मागे." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बाहेर पुन्हा आरडाओरडा झाला. गोल. मग हाय हाय. मग पुन्हा गोल, आणि काहीतरी फुटल्याचा आवाज.

बायको पाण्याचा जग भरायला धावत आत आली. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. नळाखाली जग धरताना तिची नजर टेबलावर गेली.

"दोन वाट्या कशाला?"

मोठे दाणे वेगळे, बारीक वेगळे, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पूर्वी असल्या थापा तो झोपेतही मारायचा.

"एकी-बेकी," तो म्हणाला. "फोडायच्या आधी मनात धरतो, दाणे एकी की बेकी. बरोबर आलं तर उजवीकडे. चुकलं तर डावीकडे."

"कुणाशी खेळताय?"

"कुणाशीच नाही."

"लावलंय काय?"

"काही नाही. तरी हात थांबत नाही."

जग भरून वाहायला लागला होता. तिनं नळ बंद केला. ती काही बोलणार, तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि घामानं निथळणारा दादा आत आला. त्यानं भावाचा दंडच धरला. चार-चार झालेत, शेवटची किक आपली, ही आत गेली की जिंकलो, आणि तू इथे मटार सोलतोयस?

"मी नको, दादा."

"अरे, नुसतं बघायचं. मन घट्ट असलं की काय होतंय माणसाला? मी काकांशी पैज मारलीय, तू समोर बसून बघशील आणि तुला काही..."

तो तिथेच थांबला. दारात वहिनी येऊन उभी होती. बाहेरून काका हाका मारत होते, अहो या लवकर, तो चेंडू ठेवतोय. दादानं भावाचा दंड सोडला. टेबलावरच्या वाट्यांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बाहेर जाताना त्यानं दार हळूच लावून घेतलं. त्या घरात दादानं दार हळू लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बायकोनं डावी वाटी उजवीत ओतली. उरलेल्या शेंगा उचलून फ्रिजमध्ये टाकल्या. मग बटाट्यांची टोपली आणि सुरी त्याच्यापुढे ठेवली.

"हे सोला," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. "आत काय आहे ते सगळ्या जगाला ठाऊक असतं."

त्याला हसू आलं. तिला आलं नाही.

तो सोलायला लागला. बाहेर आता एकदम शांत झालं होतं. खेळाडू मागे सरत असणार. साल पातळ निघत होती, सलग, गोल गोल फिरत टेबलाच्या कडेवरून खाली उतरत होती. अर्धा बटाटा झाला, तशी सुरी हळू चालायला लागली. त्यानं श्वास धरला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

बाहेर सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. जिंकले की हरले, ओरडण्यावरून कळत नव्हतं. त्यानं मान वर केली नाही. सुरीच्या पात्यापुढे दोन बोटं साल उरली होती.

तिनं हात लांब करून ती लोंबती साल मध्येच तोडली.

मग खणातून दुसरी सुरी काढली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.