उलटे महिने

"वर्षाचे महिने सांग. डिसेंबरपासून मागे, उलटे," डॉक्टर फेअरली म्हणाले.

गारमन पलंगाच्या कडेला बसला होता. गुडघे चिखलाने माखलेले, डाव्या कानामागे बर्फाची पिशवी. पिशवी धरून क्लबची फिजिओ नेस्ट उभी होती. वर स्टँडमध्ये लोक गात होते. आपला माणूस लागून आत गेला म्हणून आमच्याकडे कुणी गाणं थांबवत नाही, उलट जास्त जोरात गातात.

रग्बीत डोक्याला मार बसला की खेळाडूला आत आणायचं, प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं नीट आली तरच परत मैदानात सोडायचं, असा नियम आहे. गारमनचा या मोसमातला हा तिसरा मार. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या वेळीच बजावलं होतं, पुन्हा मेंदूवर परिणाम दिसला तर खेळ बंद, कायमचा. आणि नेमका आजच वेल्सचा निवडकर्ता त्याला बघायला येऊन बसला होता. मंगळवारी देशाचा संघ जाहीर व्हायचा होता. क्लबसाठी इतके हिवाळे हाडं झिजवली, पण देशाची लाल जर्सी त्याच्या अंगाला एकदाही लागली नव्हती. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच.

मैदानातून आत येताना त्याने नेस्टचा दंड घट्ट पकडला होता. "आज नको, नेस्ट. मंगळवारनंतर डॉक्टरांना काय हवं ते सांग."

आता त्याने डॉक्टरांना विचारलं, आमच्या भाषेत सांगितलं तर चालेल का. डॉक्टर इंग्लंडचे. माणूस देवासारखा, पण इतकी वर्षं इथे राहून त्यांना वेल्श म्हणाल तर 'आभारी आहे' एवढंच यायचं. ते म्हणाले, खुशाल सांग, चूक की बरोबर ते नेस्ट मला सांगेल. नेस्ट त्याच्या शेजारच्याच शेतावरची, त्याच्याहून थोडी मोठी. दोघं एकाच पायवाटेने शाळेत गेलेली.

गारमनने डोळे मिटले. "रागवीर," तो म्हणाला. म्हणजे डिसेंबर. "ताख्वेद." नोव्हेंबर. मग जरासा थांबला आणि म्हणाला, "पेनवेन."

नेस्टच्या हातातली पिशवी हलली.

"कोखेन. ब्रिथेन. मुइनेन." नावं येत राहिली, एकामागून एक, कुठे अडखळणं नाही. पेनवेन म्हणजे पांढऱ्या डोक्याची, कोखेन म्हणजे तांबडी, ब्रिथेन म्हणजे कबरी. त्याच्या बापाच्या गायी होत्या त्या. संध्याकाळी धारेच्या वेळी ठरलेल्या क्रमाने गोठ्यात शिरायच्या, आणि मधे घुसेल तिला शिंग बसायचं. गारमन त्यांना शेवटच्या गायीपासून पहिलीपर्यंत सांगत होता. उलट्याच, आणि अगदी बिनचूक. नेस्ट लहानपणी तिथे धारा काढायला जायची, तिलाही ती रांग पाठ होती. गायी विकल्या तेव्हा गारमनला मिसरूडही फुटलं नव्हतं.

डॉक्टर बोटांवर मोजत होते. बारा झाले तसे ते खूश झाले. म्हणाले, इतकं झरझर मला इंग्रजीतही जमायचं नाही. "बरोबर आहेत ना गं, नेस्ट?"

तेवढ्यात मॅनेजरने दारातून डोकं घातलं. कोच विचारतोय, सोडताय की नाही? डॉक्टरांनी त्याला हातानेच थांबवलं.

एक 'हो' पुरला असता. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कधी कळलंही नसतं. नेस्टला सगळ्यांचाच राग आला. खेळायची वर्षं सरत आल्यावर बघायला आलेल्या त्या निवडकर्त्याचा, बारा शब्द शिकता न आलेल्या या भल्या डॉक्टरांचा, आणि सगळ्यात जास्त गारमनचा. कारण तो तिच्याकडे बघत होता. रविवारी चॅपेलमध्ये बायबलचं पाठ केलेलं वचन न चुकता म्हणून झालं की पोरगं आईकडे बघतं, तसा.

ती त्याच्यासमोर खाली बसली आणि वेल्शमध्ये हळूच म्हणाली, "गारमन, परत एकदा म्हण. महिने."

तो हसला. "सांगितल्या की सगळ्या."

नेस्टने मान खाली घातली. डॉक्टरांकडे न बघता ती म्हणाली, "नाही, डॉक्टर. चुकलंय."

"किती?"

"पहिले दोन सोडले तर सगळंच."

डॉक्टरांनी दाराकडे बघून नकारार्थी मान हलवली. मॅनेजर दार ओढून घेऊन गेला. नेस्टला रडू आलं, आणि तिने ते आवरलं नाही. वरचं गाणं पुन्हा पहिल्या कडव्यावर आलं होतं.

गारमन तिच्यावर चिडला नाही. नुसता काळजीत पडला. वाकून त्याने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"कुठली राहिली गं?"

"एकही नाही रे," नेस्ट म्हणाली. "सगळ्या आल्या आत."

"मग फाटक लावून घे," तो म्हणाला, आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.