कानसेनचं मत

सुई तबकडीवर टेकली आणि दुकानातल्या तिघांनी श्वास रोखून धरला. चौथा माणूस, कानसेन, डोळे मिटून बसला.

बँडची ही शेवटची रेकॉर्ड होती. चारही वादक सत्तरी ओलांडलेले. यापुढे स्टुडिओची पायरी चढणार नाही, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं. पार्सल हातात पडताच किल्लीवाल्याने सगळ्यांना फोन लावले, रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि कानशी, पक्कड बाजूला सारून टेबलावर प्लेअर मांडला. दातांची डॉक्टर घाईघाईत घरातल्याच सपाता घालून आली. बसड्रायव्हर तर इतका उतावीळ, की वेष्टण फाडून तबकडी त्यानेच चढवली आणि चढवली ती उलटी. दुसरी बाजू वर. गाणं सुरू झाल्यावर चूक त्याच्या लक्षात आली. तो पुटपुटला तसं डॉक्टरने त्याला हातानेच गप्प केलं. सूर कानावर पडला होता, आता सुई उचलायला कुणाचा हात धजत नव्हता.

या चौघांचा तीस वर्षांचा शिरस्ता होता. नवी रेकॉर्ड आली की पहिलं मत कानसेनचं, मग बाकीच्यांची भांडणं. जन्म पत्र्याच्या कारखान्यात गेलेला हा माणूस, पण कुठल्या गाण्यात गिटारची कुठली तार केसभर उतरलीय, ते तो चहा पिता पिता सांगायचा. म्हणून तर हे नाव पडलं. त्याच कारखान्याने हळूहळू त्याचे कान खाल्ले होते. हे फक्त त्याच्या लेकीला ठाऊक होतं. कानात ऐकण्याचं यंत्र लावलं की गाणं डब्यात खिळे खुळखुळवल्यासारखं वाजायचं, म्हणून त्याने ते कपाटात टाकलं होतं. दोस्तांमध्ये तो ओठांवरून, चेहऱ्यांवरून वेळ मारून न्यायचा. दोन वर्षं नवी रेकॉर्ड आलीच नव्हती, त्यामुळे खपूनही गेलं.

आज मात्र बँडने त्याला गाठलं होतं. निघण्याआधी लेकीने मोबाईलवर जगभरच्या चाहत्यांची मतं उघडून दिली होती. कुणी लिहिलं होतं, म्हातारे दमले. कुणी लिहिलं होतं, म्हातारे आता कुठे रंगात आलेत. पहिल्या गाण्यातल्या व्हायोलिनवरून तर नुसती हाणामारी चालली होती. त्यातलं एक बरंसं मत त्याने पाठ केलं होतं.

किलकिल्या डोळ्यांनी तो सुईकडे बघत होता. पहिलं गाणं संपल्याची रुंद रेघ तिने ओलांडली, तसा तो ताठ बसला.

“व्हायोलिन घ्यायला छाती लागते,” तो म्हणाला. “तेही या वयात.”

कुणी मान हलवली नाही. वाजून गेलेल्या गाण्यात फक्त गाणारा होता आणि ड्रम. ड्रायव्हर काही बोलणार, तेवढ्यात किल्लीवाल्याने त्याचा पाय दाबला. पण कानसेनला ते तीन चेहरे पुरले.

मग त्याने लपवलं नाही. कान कधी गेले, किती गेले, मत कुठून उचललं, सगळं सांगून टाकलं. तुमचा रविवार का नासवू, म्हणाला, आणि जायला उठला.

ड्रायव्हर शटरसमोर आडवा उभा राहिला. याच्या प्रत्येक मताची कानसेनने तीस वर्षं सगळ्यांदेखत सालं काढली होती. त्याने कानसेनचे खांदे धरले, त्याला स्टुलावर परत बसवलं आणि ओठ नीट दिसतील असं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “ऐकायचं काम आम्ही करतो. मत तू दे.”

किल्लीवाल्याने तबकडी पालटली. ड्रायव्हर कानसेनच्या मागे उभा राहिला आणि बँडचा ड्रम त्याच्या पाठीवर वाजवू लागला. डॉक्टर समोर बसून गाण्याचे शब्द गाणाऱ्याबरोबर, पण आवाज न करता म्हणू लागली. रेकॉर्डसोबतचा शब्दांचा कागद तिच्या मांडीवर होता. किल्लीवाला हवेत हात वरखाली करून गिटार दाखवत होता. व्हायोलिन आलं तेव्हा त्याची फार धांदल उडाली. ते रडतंय की चिडलंय यावरून त्याचं आणि डॉक्टरचं वाजलं, तेवढ्यात दोन ओळी निसटल्या, मग सुई मागे न्यावी लागली. ड्रायव्हरला घाम फुटला होता. कानसेनचा पाय कधी हलू लागला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

तिसऱ्या गाण्यात त्याने हात वर केला. ड्रम मागे पडतोय, तो म्हणाला. ड्रायव्हरने पुढे येऊन कान पकडले, चूक आपली म्हणून कबूल केली. कानसेनने पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा तेच. ओळ सुरू होण्याआधीचा ठोका हाताखालून केसभर उशिरा निघत होता. किल्लीवाल्याने सुई पाच वेळा मागे नेली, तिघांनी प्लेअरवर डोकी टेकवली, तेव्हा कुठे उमगलं. उशीर ड्रायव्हरचा नव्हता. रेकॉर्डमध्येच होता, आणि तिघांच्या सहा धडधाकट कानांनी तो पकडला नव्हता.

ड्रमवाल्या म्हाताऱ्याचे हात थकले, ड्रायव्हर कानसेनसमोर येऊन हळहळत म्हणाला.

कानसेनने नाही म्हणून मान हलवली. गाणं चालू असताना डॉक्टरच्या तोंडावरून त्याने नजर काढली नव्हती. गाणाऱ्यामागोमाग जाता जाता तीही नकळत त्याच्याइतकाच लांब श्वास घेत होती.

“हात चांगले आहेत,” तो म्हणाला. “गाणाऱ्याला आता दम घ्यायला वेळ लागतो. हा त्याच्यासाठी थांबतोय.”