कुरतडलेली पानं

शाळेत निसर्ग शिकवणाऱ्या बाईंनी खांद्यावरची बॅग उतरवायच्याही आधी जाळीच्या पेटीचं झाकण उघडलं. पेटीत हिरवीगार पानं खच्चून भरली होती आणि पानांखाली बाईंनी पाळलेल्या पतंगाच्या अळ्या आक्रसून पडल्या होत्या. एकही हलत नव्हती.

"कालपर्यंत ठणठणीत होत्या गं," शिलाई मशीनवरून न उठता नवरा म्हणाला. कपडे शिवणं हा त्याचा धंदा. "अळ्याच त्या. आज आहेत, उद्या नाहीत."

तिनं पेटीच्या तळाचा कागद उचलला. प्रशिक्षणाला जाताना अंथरलेला तोच, कोरा करकरीत. ही जात महाखादाड. सकाळी कागद बदलावा, तर संध्याकाळी त्यावर लेंड्यांचा सडा. इथे एक दाणा नव्हता.

मग तिनं पान उलटून पाहिलं. कुंपणावरच्या वेलीचं पान. दिसायला सख्ख्या बहिणीसारखं, पण मागे लव नाही.

"मी मागच्या पडक्या भिंतीवरची वेल सांगितली होती. हाताला धरून नेऊन दाखवली होती तुम्हाला."

"पान ते पान! भूक लागली की कुणीही काहीही खातं."

"ही नाही खात. हिची आई पायानं पान चाखून बघते, तेच आहे अशी खात्री झाली की मगच अंडी घालते. दुसऱ्या पानांच्या ढिगात ही उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही."

एवढ्यावर भागलं असतं. नवऱ्याचा आळस तिला नवा नव्हता. चार दिवस अबोला धरून तिनं तोही पोटात घातला असता. पण फोटो? ती प्रशिक्षणाला गेली तिथे रोज सकाळी कडेनं कुरतडलेल्या पानांचा फोटो यायचा, आणि ती तो वर्गभर मिरवायची. बघा, आमचे हे किती जपतात!

तिनं पेटीतलंच तसं एक कुरतडलेलं पान खिडकीशी धरलं. जाड शीर आली की ही अळी वळसा घालते. इथे शिरेसकट सगळं एका फटक्यात कापलेलं होतं, प्रत्येक अर्धगोल सुबक, झग्याच्या गळ्यासारखा. फसवायलासुद्धा माणूस इतकी मेहनत घेतो?

"अहो, हे कापत बसायला जेवढा वेळ घातलात, तेवढ्यात भिंतीपर्यंत दोनदा जाऊन आला असतात."

"तुझ्या जिवाला तिकडे घोर नको, म्हणून केलं," तो म्हणाला. आवाज दुखावलेला, जणू तिनं आभार मानायचेच राहिले होते.

त्या फोटोखाली रोज एक ओळही असायची. दोन गल्ल्या पलीकडे तिचे वडील एकटे राहायचे. त्यांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून दोन वेळचं जेवण पोचवण्याचं काम तिनं याच्यावरच सोपवलं होतं. ओळ रोज तीच. बाबा पोटभर जेवले.

तिनं हातातलं पान खाली ठेवलं.

"आणि बाबा?"

मशीन थांबलं. तो मान खाली घालून सुईत दोरा ओवू लागला. सुईत दोरा आधीच ओवलेला होता.