शेवटच्या सेमिस्टरचं गणित

नेत्राची पाच सेमिस्टरची सरासरी सहा पूर्णांक आठ होती आणि एमएस्सीच्या प्रवेशाला सात हवी होती. तिने गणित मांडलं, तर शेवटच्या सेमिस्टरला आठ पडले तरच जमणार होतं. मग सगळा जोर जास्त क्रेडिटच्या प्रॅक्टिकलवर लावला. आज निकाल बघितला आणि ती मिरकरवाड्याच्या जेटीकडे धावत सुटली. बाबांची मासेमारीची लाँच नुकतीच बंदरात शिरत होती. केबिनच्या दारातूनच बाबांनी हाक दिली, "किती पडले गो?" "आठ पूर्णांक दोन!" नेत्रा जीव खाऊन ओरडली. बाबांचा चेहरा पडला, पण लगेच सावरून ते म्हणाले, "असूंदे गो, परत बसू परीक्षेला." नेत्राला हसू आवरेना. "बाबा, शंभरातले नाय, दहातले! सरासरी सातच्या वर गेली!" बाबांनी आत वळून भोंग्यावर हात दाबला, तो लाँच धक्क्याला लागेपर्यंत काही उचलला नाही.