खुर्ची भरलेली असताना

"काय काढतेयस गं तू?" सरांनी आरशातूनच विचारलं.

भिंतीलगतच्या बाकावरून मुलीने मान वर केली. आरशात सरांचा चेहरा होता. केस नुकतेच कापून, भांग पाडून झालेले, गालांवर साबणाचा फेस. त्यांच्या मागे उभे राहून तिचे बाबा वस्तऱ्यात नवं पातं बसवत होते.

"तुम्हाला," ती म्हणाली.

सर तिच्या क्लासचे. त्यांच्या निवडक मुलांच्या बॅचमध्ये लेकीला जागा मिळावी म्हणून बाबांनी क्लासचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे ती मिळाली होती. परीक्षा तोंडावर आली होती. तिच्या मांडीवर गणिताचं पुस्तक होतं खरं, पण ते कागदाखाली टेकू म्हणून.

"बघताय ना?" सर बाबांना म्हणाले. "मला वाटलं, लेक दुकानात बसून अभ्यास करते. ही तर रेघोट्या ओढतेय!"

बाबांनी नुसतं हं केलं. त्यांना हे काही आज कळत नव्हतं. इतके दिवस ते कानाडोळा करत आले होते. सरांसमोर तो करता येईना, एवढंच.

"ठेव गं ते," ते म्हणाले.

"अर्धंच झालंय, बाबा."

"परीक्षेनंतर काढ की," सर म्हणाले. "चित्र काय पळून जातंय?"

"चित्र नाही. दाढी झाली की तुम्ही जाल ना."

बाबांना खोकला आला.

"शहाणपणा पुरे," सर म्हणाले. "या वयात एकेक मिनिट मोलाचं असतं. तुला वेळ मिळतोच कसा याला?"

"मी ठरवून टाकलंय, सर. खुर्ची रिकामी असली की अभ्यास. खुर्ची भरली की चित्र."

"म्हणजे दिवसभर चित्रंच की!"

"छे. आमच्याकडे कुठे एवढी गर्दी असते? अभ्यासच जास्त होतो."

बाबांचे कान लाल झाले. दुकानाची अब्रू लेकीनेच अशी वेशीवर टांगावी, आणि तीही खरं बोलून! त्यांनी खाली बघून ब्रश उगाचच पुन्हा पाण्यात बुडवला.

"आण तो कागद इकडे. परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहील," म्हणत सरांनी हात पुढे केला. हात गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांघरलेल्या कपड्याखाली होता. नुसता कपडाच तंबूसारखा वर उचलला गेला.

"नाही देणार," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. तिला बॅच हवी होती. गणित तिला मनापासून आवडायचं; आवडतं का, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पण कॉलेज, क्लास, प्रॅक्टिकल, सराव परीक्षा, दिवसाचा तुकडा न् तुकडा कुणीतरी आधीच बळकावलेला. खुर्चीत माणूस बसलेला असतो तेवढाच काय तो तिचा वेळ. तो तिने चोरलेला नव्हता. सगळ्यांच्या देखत, उजेडात बसून राखला होता.

"मग उद्यापासून बॅचला येऊ नकोस," सर म्हणाले. "तुझ्या जागेसाठी बाहेर रांग लागलीय. कागद की जागा, ठरव आत्ताच्या आत्ता."

मुलीने एकदा बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिने पेन्सिल घट्ट धरली.

"मान हलवू नका, सर. नाक राहिलंय."

"अहो, तुम्ही काही बोलणार आहात की नाही? बाप आहात ना तिचे!"

बाबांनी वस्तरा ठेवला, हात पुसले आणि ते बाकापाशी आले. त्यांनी कागद धरला. तिनेही तो सोडला नाही. दोघांच्या हातात तो तसाच राहिला आणि बाबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. आरशातल्या सरांनी समाधानाने डोळे मिटून घेतले.

"भांग चुकलाय," बाबा म्हणाले.

"काय?"

"सरांचा भांग उजवा. आत्ता पाडलाय मी. तू डावा काढलायस."

"मला आरशातलेच सर दिसतात, बाबा. माझ्याकडे त्यांची पाठ आहे. सगळ्यांचीच असते."

बाबांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. म्हणजे या बाकावर बसून तिने काढलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा भांग उलटाच असणार. त्या सगळ्या डोक्यांवरून त्यांनी स्वतः फणी फिरवली होती, आणि एकदाही तिच्या मांडीवरचा कागद बघितला नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी कागद सोडला. खुर्चीपाशी जाऊन पायाने कळ दाबली आणि दोन्ही हातांनी खुर्ची फिरवली. खुर्ची एकदा कुरकुरली आणि सरांसकट गर्रकन वळली. आता आरशाकडे सरांची पाठ होती आणि फेसाने माखलेला चेहरा थेट मुलीसमोर.

"अहो, हे काय चालवलंय? मी सांगून ठेवतो, उद्या ही बॅचला..."

बाबांनी दोन बोटांनी त्यांची हनुवटी अलगद वर उचलली आणि वस्तरा गळ्याला लावला.

"आता बोलू नका, सर. पातं नवं आहे."

सर मान ताठ धरून बसले.

"दिसतंय का गं नीट?" बाबांनी मान न वळवता विचारलं.

"दिसतंय."

तिने खोडरबर घेतलं आणि सगळ्यात आधी भांग पुसला.